आमच्या हॉस्टेलचा आजोबा

आजोबाला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याचं वय असेल वीस-एकवीस. हे वाचून कुणी डोकं खाजवू नये, सांगतो. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या हॉस्टेलवर बाकी सगळी पोरं सोळा-सतराची, ओठावर मिशीचा नुसता संशय. त्यात हा एक भरदार मिशांचा, रुंद पाठीचा गडी. बारावी केव्हाच झालेली. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दरवर्षी द्यायची, दरवर्षी थोडक्यात हुकायची, आणि पावसाळा सुरू झाला की फलटणहून परत ट्रंक घेऊन सांगलीला हजर व्हायचं. असल्या पोरांना आमच्याकडं रिपीटर म्हणतात. एकदा रिपीट करणारे पुष्कळ असतात, त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही. पण ह्याच्या वर्गातली पोरं मेडिकलला जाऊन मढी फाडायला लागली, त्यांच्या मागची गेली, त्यांच्याही मागची गेली, तरी हा आपला खोली नंबर चारमध्ये खिडकीजवळच्या कॉटवर. म्हणून आजोबा. फलटणकडचा कदम, एवढं त्याचं आडनाव मला माहीत होतं. त्यापुढं चौकशी करायची कधी गरजच पडली नाही.

मला हॉस्टेलवर सोडायला आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोघंही आले होते. आमचं गाव पाटणच्याही वर, कोयनेच्या खोऱ्यात. सांगली आम्हाला परमुलूखच. एसटीतून उतरलो तर उकाडा, धूळ आणि मार्केटकडून येणारा हळदीचा वास. आई तेवढ्यावरच खचली. हॉस्टेलच्या व्हरांड्यात गेलो तर खांद्यावर टॉवेल टाकलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक मिशीवाला माणूस दोन पोरांकडून जिना झाडून घेत होता. अण्णांनी लगेच हात जोडले.

"नमस्कार, रेक्टर सायेब."

"नमस्कार. कुठलं गाव?" आजोबानं विचारलं. आपण रेक्टर नाही हे सांगायची तसदी काही त्यानं घेतली नाही.

आई तर रडायलाच लागली. "आवं सायेब, एकुलतं एक हाय. झोपंत पांगरून फेकून देतंय. दूध पीत न्हाई. आन् जरा बोललं की त्वांड पाडून बसतंय."

"मावशी, तुमी आजाबात काळजी करू नगा. पांगरून मी बघतो. दुधाचं बी बघतो. त्वांड पाडायला हितं कुणाला टायमच नसतोय."

आईनं लाडवांचा डबा माझ्या हातातून काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो असा सराईतपणे घेतला, की पाठोपाठ त्याचं झाकणही उघडलं. तेवढ्यात एक बारीकसा, चष्मा लावलेला पोरगा लगबगीनं आला. अण्णा त्याला म्हणाले, "ए बाळ, ती ट्रंक घे की जरा वर." त्यानं बिचाऱ्यानं निमूट ट्रंक उचलली आणि वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली. तो खरा रेक्टर. आम्हाला रसायनशास्त्र शिकवणारे सर, नुकतेच नोकरीला लागलेले. अण्णांना हे कळलं ते पुढच्या महिन्यात. त्यानंतर वर्षभर सर समोर दिसले की ते शरमेनं लांबून वळसा घालून जायचे.

पण खरं सांगू? अण्णांचं तितकंही चुकलं नव्हतं. हॉस्टेल चालायचं ते आजोबाच्याच जिवावर. कुठल्या नळाला पहाटे गरम पाणी येतं, कुठल्या कॉटमध्ये ढेकूण आहेत, आमटी कुठल्या वारी पातळ होते, कुठले सर कुठल्या प्रश्नावर खूश होतात, सगळं त्याच्या डोक्यात. नवीन पोरगं मुसमुसायला लागलं की तो त्याच्या शेजारी जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "रड. पयल्या आठवड्यात रडून घ्यायचं. नंतर अब्यास आसतोय, रडायला सवड गावत न्हाई." एवढं ऐकून पोरगं रडता रडता फिसकन हसायचं.

नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत तो पडायचा नाही. ज्याचा जो तालुका तेच त्याचं नाव. मी 'पाटण'. माझ्या खोलीतला हाडकुळा पोरगा 'जत'. आमच्या वर्गात आणखी एक पाटणचा निघाला, तेव्हा तो 'थोरलं पाटण' झाला आणि मी 'धाकटं पाटण'. जेवणाच्या रांगेत आजोबा हाक मारायचा, "ए माण, ताट घिऊन हितं ये. खटावाला फुडं जाऊ दे. वाळवा, किती भात घेतोस रं, बापाचा कारखाना हाय का?" बाहेरच्या माणसाला वाटावं, इथं जिल्हा परिषदेची बैठक भरलीय.

महिन्याचा पहिला रविवार भेटीचा. घरची माणसं डबे घेऊन यायची, मैदानातल्या झाडांखाली सतरंज्या पडायच्या, पिठलं, वांगी, सुकट, पुरणपोळ्या, ज्याच्या घरी जे असेल ते निघायचं. ज्यांच्याकडं कुणी यायचं नाही ती पोरं खोलीत तोंडावर पुस्तक घेऊन झोपल्याचं सोंग करायची. आजोबाला ते चालायचं नाही. त्या दिवशी तो सकाळी खोल्याखोल्यांतून फिरून असली पोरं गोळा करायचा आणि एकेकाला एकेका सतरंजीवर नेऊन बसवायचा. जतचे आईबाप मेंढरं घेऊन लांब मुलखाला गेलेले, महिनोन् महिने त्यांचा पत्ता नसायचा. आजोबानं त्याला दंडाला धरून आमच्या सतरंजीवर आणलं.

"मावशी, ह्यो जत. आजपास्नं तुमचा. ह्याला तिखाट सोसतंय, दोन भाकरी जास्तीच्या आणत जावा."

विचारायचं वगैरे काही नाही, हुकूमच. आईनं पुढच्या खेपेपासून खरंच दोन भाकरी जास्तीच्या आणल्या. पुढं पुढं तर ती आधी जतची चौकशी करायची आणि मग माझी. मला त्याचा रागही यायचा आणि बरंही वाटायचं.

अभ्यासातही हा माणूस असा तयार, की सर रजेवर असले तर आम्हाला आनंदच व्हायचा. त्या तासाला आजोबा उभा राहायचा. हृदय शिकवताना त्यानं फळ्यावर विहीर काढली, मोटर काढली, उसाचे पाट काढले. "हे बघा गड्यांनो, मोटर येकच. येक पाट फुफ्फुसाच्या वावरात, दुसरा सगळ्या अंगाच्या वावरात. मदी ह्या झडपा. पाणी उलटं आलं तर काय हुईल?" जत म्हणाला, "मोटर जळंल." "बरोबर! त्याला डागदर लोक लांब नाव देत्यात, ते उद्या पाठ करा." मूत्रपिंड त्यानं गुऱ्हाळावर शिकवलं, रस उकळताना मळी कशी काढतात त्यावरून. आजही मला पुस्तकातल्या आकृतीआधी रस उकळायची काहील दिसते, त्याला मी काय करू?

मग हा पास का होत नव्हता? ह्या प्रश्नानं आम्ही हैराण व्हायचो. आमच्यातला अगदी ढेकळासारखा पोरगा आजोबाकडून शिकून जायचा आणि आजोबा मात्र मागं. मी एकदा धीर करून विचारलं, "आजोबा, तू दुसरं काहीतरी का करत नाहीस?" तो चिडला नाही. म्हणाला, "मला दुसरं काय व्हावंसंच वाटत न्हाई गड्या. ऊस लावताना बी मला त्येच, झोपताना बी त्येच. आता त्याला काय विलाज?" एवढं बोलून तो बादली घेऊन कपडे धुवायला गेला. मला फार वाईट वाटलं.

मी बारावीला गेलो त्या वर्षी पहिल्याच भेटीच्या रविवारी त्याचे वडील आले. सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. अंगानं काटक, पाठ सरळ, बोलणं थोडं आणि खणखणीत. आमच्या सतरंजीवर बसून भाकरी खाता खाता त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "ह्या डावाला शेवटची परीक्षा. मी काय म्हातारा झालो न्हाई, पण येकट्यानं ऊस हुईत न्हाई. निकाल चांगला लागला तर आनंद हाय. न्हाई लागला तर आडसाली उसाच्या लागणीला घरी यायचं आन् परत ट्रंक भरायची न्हाई. कबूल?"

"कबूल," आजोबा म्हणाला. त्याचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

त्या दिवसापासून आजोबाची परीक्षा आमच्या सगळ्यांचीच झाली. आमची स्वतःची होतीच, पण तिची आम्हाला एवढी धास्ती वाटत नव्हती.

रोग सापडला तो जतला. दर रविवारी सकाळी सराव परीक्षा असायची. प्रश्नाखाली चार उत्तरं, आणि वेगळ्या कागदावर बरोबर उत्तराचा गोल पेनानं काळा करायचा. एकदा काळा केला की खोडता येत नाही. आम्ही प्रश्न सोडवत सोडवत गोल भरत जायचो. आजोबाची तऱ्हा निराळी. तो आधी प्रश्नपत्रिकेवरच खुणा करायचा, सगळ्यांच्या आधी सगळं संपवायचा आणि मग उरलेल्या वेळात विचार करत बसायचा. जतनं एकदा त्याची प्रश्नपत्रिका हातात घेतली आणि ओरडलाच.

"आजोबा! हितं आदी बरोबर खूण केली हुतीस की! ती खोडून ही चुकीची कशापायी केलीस? आन् ही बी! आरं, ही बी!"

आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. पानोपान तेच. पहिली खूण बरोबर, तिच्यावर काट, शेजारी चुकीची.

आजोबा मान खाली घालून म्हणाला, "सोपं वाटलं की मला सौंशय येतोय रं. येवडी वर्सं नापास करणारी परीक्षा, ती येवडं सोपं कशी इचारंल? कायतरी डाव आसणार आसं वाटतंय."

घ्या! ज्ञान कमी पडत नव्हतं, अनुभव जास्त झाला होता.

पुढच्या भेटीच्या रविवारी जतनं हे प्रकरण हवालदारकाकांच्या कानावर घातलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, हात धुतले, आणि मुलाकडं वळले. "गोळी सुटली का सुटली. निशाण्याला लागू दे, न्हाईतर डोंगराला लागू दे. ती माघारी नळीत घालता येत न्हाई. तू फुडच्या गोळीचं बघायचं. कळलं का?" मग माझ्याकडं आणि जतकडं बघून म्हणाले, "रविवारी मेसला काय आसतंय?"

"कोंबडी," आम्ही एका सुरात म्हणालो.

"झालं तर मग. हा जेवडी उत्तरं बदलंल तेवडी फोडं ह्याच्या ताटातनं तुमी दोघांनी उचलायची. कमी पडली तर फुडच्या रविवारची. सूट न्हाई."

शिक्षा फौजी होती आणि अंमलबजावणीला आम्ही दोघे. आता सांगायला हरकत नाही, पहिले काही रविवार आमची नुसती चंगळ झाली. आजोबाच्या ताटात फोड म्हणून राहायची नाही. तो पातळ रश्श्यात भाकरी कुस्करत आमच्याकडं बघायचा. "रस्सा तरी कशाला ठेवलाय? त्यो बी वरपा की, भाद्दरांनो." आम्ही काय, खाली मान घालून हाडं चघळत होतो. सरावाच्या वेळी मात्र जत त्याच्या मागच्या बाकावर बसायचा, आणि आजोबाचं पेन खुणेवर घुटमळलं की घसा खाकरायचा. आजोबा दचकून गोल काळा करून टाकायचा.

हळूहळू आजोबाच्या ताटात फोडी दिसायला लागल्या. आमची चंगळ संपत आली. मग एका रविवारी जतनं सगळी प्रश्नपत्रिका उलटीपालटी करून तपासली आणि त्यात एकही काट सापडली नाही. आजोबा भरलं ताट घेऊन आमच्यासमोर येऊन बसला आणि एकेक फोड आम्हाला दाखवून दाखवून खाल्ली. त्या दिवशी रस्सा पाणचट होता. तरी आजोबा म्हणाला, "असला रस्सा जल्मात खाल्ला न्हवता."

परीक्षा ऐन मे महिन्यात, भर दुपारची. आमचं केंद्र सांगलीतच होतं. सकाळपासून आजोबा कॉलेजच्या बसच्या दारात उभा राहून एकेकाची झडती घेत होता. "ओळखपत्र? प्रवेशपत्र? बूट न्हाई, चप्पल घाल. पट्टा काढ. हातातलं कडं काढ, आईला सांग नंतर घालतो. बाह्या? आर्ध्या हायत? चढ." इतकी वर्षं परीक्षा दिलेला माणूस. त्याला सगळे नियम तोंडपाठ. आम्ही निर्धास्त.

केंद्राच्या फाटकाशी मोठी रांग होती. रस्त्यावर आईबापांची ही गर्दी. आमच्यातला एकेक जण आत गेला. मी आणि आजोबा शेवटी. फाटकावरच्या माणसानं आजोबाला अडवलं.

"फुल शर्ट चालत नाही."

आम्ही दोघांनी एकदमच त्याच्या हातांकडं बघितलं. नवाकोरा जांभळा शर्ट, मनगटापर्यंत लांब बाह्या. त्याच्या आईनं परीक्षेसाठी म्हणून पाठवलेला. साऱ्या पोरांच्या बाह्या तपासल्या, आणि स्वतःच्या बघायच्या राहून गेल्या! आजोबाच्या कपाळावर घाम फुटला. त्याला मी असा कधी बघितला नव्हता.

मागून कुणीतरी म्हणालं, "कापून टाका की बाह्या. कात्री बघा कुणाकडं हाय का."

"कापतोय कुठला? त्याच्या आईनं नवा घेतलाय त्यो," गर्दीतून आवाज आला. हवालदारकाका. ते पहाटेच फलटणहून निघून आले होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही की कुणाला विनवणी केली नाही. भर रस्त्यात, भर उन्हात त्यांनी आपल्या अंगातल्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. "बघत काय उभा ऱ्हायलास? काढ तुझा."

बापलेक बनियनवर समोरासमोर उभे राहिले आणि त्यांनी शर्ट बदलले. काकांचा शर्ट आजोबाला इतका घट्ट बसला, की वरचं बटण तुटून माझ्या पायाशी पडलं. आणि तो जांभळा शर्ट काकांच्या अंगावर असा लोंबत होता, की शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. काकांनी तिच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी लेकाच्या पाठीवर जोरात थाप मारली. "जा."

आजोबा गेला. त्याच्यामागून मी गेलो.

संध्याकाळी सुटलो तेव्हा काका तसेच जांभळ्या शर्टात फाटकाजवळ उभे होते. घामानं भिजून गेलेले. आजोबा बाहेर आला, पण काकांच्या आधी जतच त्याच्यावर धावून गेला.

"किती बदलली?"

"एक बी न्हाई." मग तो म्हणाला, "येक बदलावी वाटत हुती. लय वाटत हुती. पर सोडली."

उत्तरं जाहीर झाली तेव्हा कळलं, ती एक मात्र बदलायला पाहिजे होती. त्यावरून तो आजही जतला शिव्या घालतो.

निकालाच्या दिवशी मी गावाकडं होतो. आमच्याकडं फोनला रेंज हवी असेल तर देवळामागचं टेपाड चढावं लागतं. मी चढलो, माझा निकाल बघितला. मला मेडिकल काही मिळणार नव्हतं, पण आयुर्वेदाला सहज जाता येईल एवढे गुण होते. आईला ओरडून सांगितलं. तेवढ्यात आजोबाचा फोन आला.

"पाटण, तुझं काय?"

सांगितलं.

"झकास. जतचं बी झालं. वाळव्याचं जरा आवघाड हाय, त्याला तू फोन कर. खटाव फोनच उचलंना."

"आरं, तुझं काय झालं?"

पलीकडं काहीच आवाज येईना. मला वाटलं, रेंज गेली. मग वाटलं, गेलं ह्याचं. आता काय बोलायचं ह्याच्याशी? मग फोनवर खणखणीत आवाज आला.

"पाटण का? मी हवालदारकाका. आरं, झालं न्हवं आजोबाचं! सरकारी मिळतंय! ह्यो फोन माझ्या हातात दिऊन तोंड धुवायला गेलाय. सकाळपास्नं कितीदा त्वांड धुतोय, काय इचारू नको."

जन्मदात्या बापानंही लेकाला आजोबाच म्हणावं! त्या टेपाडावर मी एकटाच खो खो हसत सुटलो आणि हसता हसता रडायला लागलो. खाली आई घाबरली, तिला वाटलं मी निकाल चुकीचा वाचला.

आजोबाला कॉलेज मिळालं ते पार विदर्भात. माझं कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून काकांबरोबर मीही त्याला पोचवायला गेलो. केवढा तो प्रवास! आणि केवढा तो कॉलेजचा पसारा! हॉस्टेलच्या ऑफिसातून आम्ही बाहेर पडलो तर आजोबा ट्रंक घेऊन आधी उजवीकडं चालायला लागला. तिथं भिंत होती. मग डावीकडं गेला. तिथं गाड्या लावायची जागा. परत आमच्यापाशी येऊन उभा राहिला आणि चहूकडं बघायला लागला.

"काय रं?" काकांनी विचारलं.

"मला हितलं काईच म्हाईत न्हाई, आबा," तो म्हणाला. आणि त्याच्या तोंडावर असलं हसू पसरलं, की काय सांगू! माझ्या उभ्या ओळखीत मी त्याला एवढा खूश बघितलेला नाही.

तेवढ्यात हातात पाण्याची बाटली घेतलेला एक कोवळा पोरगा शेजारून जाताना थांबला. अठरा वर्षांचा असेल नसेल. "अबे, फर्स्ट इयर ना? इकडं कुठं चालला? आपलं हॉस्टेल तिकडं मागं आहे. चाल, मी दाखवतो तुले. आधी जेऊन घेऊ, मेस बंद होते नाहीतर."

आजोबाला कुणीतरी 'अबे' म्हणालं! मी घाबरून त्याच्या मिशांकडं बघितलं. पण तो तर लगेच निघालासुद्धा. "व्हय? कुठाय मेस? जेवायला काय आसतंय हितं? आन् गरम पाणी कवा येतंय?" असं विचारत विचारत, ट्रंक खांद्यावर टाकून तो त्या पोराच्या मागोमाग चालायला लागला. पोरगं हातवारे करून काहीतरी सांगत होतं आणि हा मान डोलवून ऐकत होता. आमचा निरोप घ्यायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

काका पाठ ताठ करून तिकडं बघत उभे होते. दोघं इमारतीच्या वळणाशी पोचले तेव्हा मी विचारलं, "काका, हाक मारू का?"

"नगं," काका म्हणाले. "जेवू दे त्याला. चल, आपली गाडी चुकंल."